पहिली दोन मिनिटं

ऑलरेनशॉ सरांनी फळ्यावर लिहिलं: दोन मिनिटं, फक्त सुरुवात.
पुढचा सिनेमा कधीच होणार नाहीये,
तो आहे असं समजून घाबरवायचं.

मेबलथॉर्पला डिसेंबरात चारलाच काळोख होतो.
चिप्सच्या दुकानात, व्हिनेगरने ओल्या कागदावर
तोबियाश चौकोन आखतो. पहिला शॉट, धुकं.
धुकं आणणार कुठून? खोडतो.
दुसरा शॉट, रक्त.
केचप फार लाल, फार आनंदी दिसतं.
त्यात कोको घाल, साखरेचा घट्ट पाक घाल, ऑर्ला म्हणते,
बाटलीत कालवून आणते, बोटाने चाखते,
वर म्हणते, मस्त झालंय.

किंचाळायचं कुणी, यावर अर्धा तास.
ऑर्लाला किंचाळता येतं, पण लगेच हसू फुटतं.
माझ्याकडे साउंड, कारण मला दिसायची हौस नाही
आणि रेकॉर्डर माझ्या मामाचा आहे.
केझाया गप्प. चिप्स मोजल्यासारखी खाते.
मग म्हणते, जागा आहे. किल्लीसकट.

तिचे बाबा कॅरव्हान पार्कचे रखवालदार.
उन्हाळ्यात तिथे पोरं, बादल्या, सोललेल्या पाठी;
आता दोनशे पांढरे डबे समुद्राकडे पाठ करून,
पडदे मुद्दाम उघडे,
चोरालाही कळावं की न्यायला काही नाही.
एक्केचाळीस नंबर.
आतली थंडी बाहेरच्यापेक्षा जुनी.

शूटिंगआधी खोलीचा आवाज घ्यायचा असतो,
रिकाम्या खोलीचा, एक मिनिट, कुणी हलायचं नाही.
शांतता सगळीकडे सारखी नसते, सर सांगतात,
एकीचं ठिगळ दुसरीला बसत नाही.
मी बोट वर करते.
कानात वारा, फरशीखालून. तोबियाशचं जॅकेट.
कुणाचं तरी पोट.
आणि चाळिसाव्या सेकंदाला केझायाचा श्वास,
आत गेलेला, बाहेर यायचं विसरलेला.

पायरीवर बसून सांगते.
गेल्या फेब्रुवारीत. मिस्टर पास्क.
हिवाळ्यात इथे राहायची परवानगी नसते, ते राहायचे,
दिवा न लावता.
बाबांना माहीत होतं. बाबांनी माहीत नसल्यासारखं केलं.
चार दिवसांनी किल्ली लावली.
बस्स. भूतबीत काही नाही.
फक्त, बाबा अजून या दारावर आधी टकटक करतात.
आत कुणी नाही हे त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात,
तरी करतात. आणि थांबतात.

ऑर्लाने बाटलीचं झाकण घट्ट केलं.
तोबियाशने खिशातला कागद काढला, उलटा केला.
मागची बाजू तेलाने आरपार दिसणारी.
त्यावर एकच चौकोन काढला, त्यात दार.

विचारलं केझायानेच.
ते म्हणाले, मला नाटक जमत नाही.
ती म्हणाली, नकोच आहे.

शनिवार, साडेतीन. उजेड आणखी वीस मिनिटं.
कॅमेरा मागून: खांदे, किल्ल्यांचा जुडगा, दार.
टकटक.
ठरलं होतं तीन सेकंद, मग कुलूप, मग सिनेमाचं नाव.
तीन झाले. सात झाले.
हेडफोनमध्ये किल्ल्यासुद्धा वाजेनात.
अकराव्या सेकंदाला त्यांनी मान जराशी कलती केली,
आतून कुणी 'आलो' म्हटलं की आपण करतो तशी.

'कट' म्हणायचं काम तोबियाशचं.
मी त्याच्याकडे पाहिलं, तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.
मग, ऐकू येईल न येईल इतपत,
'येतो हं आत,' म्हणाले ते,
आणि किल्ली फिरली.

हे वाक्य ठेवायचं की काढायचं, अजून ठरलेलं नाही.
एडिटिंग सोमवारी.